मत मागणाऱ्याचें मत

आपल्या भाषेंत 'मत' हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. निवडणुकीच्या पेटींत आपण टाकतों तें मत, आणि एखाद्या गोष्टीच्या बऱ्यावाइटाविषयीं मनाशीं बाळगतों तेंही मतच. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आपल्या दारीं येतो तो पहिल्या प्रकारचें मत मागावयास. त्या वेळीं त्याच्यापाशीं दुसऱ्या प्रकारचें मत असलें पाहिजे काय, आणि असल्यास तें त्यानें उघड सांगितलें पाहिजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. पुष्कळ शहाणीं माणसें म्हणतात कीं, प्रतिनिधि हा लोकांचा सेवक. लोकांना काय हवें तें त्यानें करावें, स्वतःला काय वाटतें तें घरीं ठेवावें. दुसरीं तितकींच शहाणीं माणसें विचारतात कीं, ज्याला स्वतःचें मत नाहीं त्याला आमचें मत कशाला? हा वाद नुसत्या तर्कानें मिटत नाहीं. म्हणून एका प्रत्यक्ष निवडणुकीच्या कसोटीवर तो घासून पाहूं. ती निवडणूक १८५८ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत झाली, आणि आपली जागा टिकवूं पाहणारा उमेदवार होता सीनेटर स्टीफन डग्लस.

या निवडणुकीची रीत प्रथम समजून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या मूळ घटनेप्रमाणें केंद्रीय कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहांत, म्हणजे सीनेटमध्यें, प्रत्येक राज्याचे दोन सभासद बसत, आणि त्यांची निवड त्या त्या राज्याचें कायदेमंडळ करीत असे. १९१३ सालीं घटनेला सतरावी दुरुस्ती झाली, तेव्हांपासून आपला सीनेटर थेट निवडण्याचा अधिकार सर्वत्र लोकांकडे आला. १८५८ सालीं इलिनॉयच्या शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला डग्लसच्या नांवानें मत टाकण्याची सोयच नव्हती. त्यानें आपल्या भागांतील एखाद्या उमेदवाराला राज्याच्या कायदेमंडळांत धाडावयाचें, आणि मग त्या सभासदानें सीनेटर निवडावयाचा. तरीही त्या वर्षीं स्थानिक प्रश्न बाजूला पडले. गांवोगांव एकच विचारणा होती: डग्लस पुन्हां जाणार कीं अब्राहाम लिंकन?

डग्लस त्या वेळीं पंचेचाळीस वर्षांचा होता आणि १८४७ पासून सीनेटमध्यें बसत होता. अंगानें ठेंगणा, आवाजानें भारदस्त, वादांत कोणालाही हार न जाणारा असा हा मनुष्य. लोक त्याला कौतुकानें 'चिमुकला महाकाय' म्हणत. त्याच्या कारकीर्दींतील सर्वांत गाजलेलें कृत्य म्हणजे १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा. पश्चिमेकडील विस्तीर्ण मुलुखांत एका ठराविक रेषेच्या उत्तरेस गुलामगिरीला १८२० च्या तडजोडीनें बंदी घातलेली होती. डग्लसच्या कायद्यानें ती बंदी उठली आणि तिच्या जागीं एक तत्त्व आलें: त्या त्या प्रदेशांत वस्ती करणाऱ्या लोकांनींच गुलामगिरी ठेवावयाची कीं नाहीं तें ठरवावें. या तत्त्वाला 'जनतेचें सार्वभौमत्व' असें नांव मिळालें, आणि तें कानाला गोड लागत होतें.

डग्लसवर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. या तत्त्वाची किंमत देण्याची वेळ आली तेव्हां त्यानें ती दिली. १८५७ सालीं कॅन्ससमधील गुलामगिरीच्या पक्षपात्यांनीं लेकॉम्प्टन या गांवीं एक घटना तयार केली आणि ती लोकांपुढें मोठ्या खुबीनें मांडली. मतदारानें ती घटना गुलामगिरीसह घ्यावी किंवा गुलामगिरीशिवाय घ्यावी; घटनाच नको असें म्हणण्यास वाव नव्हता. बरें, 'शिवाय' म्हटलें तरी त्या प्रदेशांत आधींच आणलेले गुलाम गुलामच राहणार होते. विरोधकांनीं त्या मतदानावर बहिष्कार घातला. अध्यक्ष ब्यूकॅनन हा डग्लसच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा. त्यानें ही घटना उचलून धरली. डग्लस सीनेटमध्यें उभा राहिला व आपल्याच अध्यक्षाला त्यानें उघड विरोध केला. लोकांना खरें विचारलेंच नाहीं, हा कौल खोटा आहे, असें त्याचें म्हणणें होतें, आणि तें अगदीं रास्त होतें. पुढें ऑगस्ट १८५८ मध्यें हा प्रश्न कॅन्ससच्या मतदारांपुढें पुन्हां आला, तेव्हां मोठ्या बहुमतानें त्यांनीं लेकॉम्प्टनचा मार्ग झिडकारला.

अध्यक्षानें याचा सूड घेतला. इलिनॉयमधील डग्लसच्या बाजूचे पोस्टमास्तर व इतर सरकारी नोकर काढले गेले, आणि त्याच्याच पक्षांतील एक गट त्याला पाडण्यासाठीं उभा राहिला. उलट पूर्वेकडील कित्येक रिपब्लिकन पुढारी म्हणूं लागले कीं, असा बाणेदार मनुष्य विरोधी पक्षाचा असला तरी त्याला पाठिंबा द्यावा; 'न्यू यॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली हा त्यांत प्रमुख होता. इलिनॉयच्या रिपब्लिकनांनीं मात्र तें ऐकलें नाहीं. १६ जून १८५८ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें त्यांनीं लिंकनला आपला उमेदवार ठरविलें. एवढें धैर्य दाखविलेल्या सीनेटरला त्यांनीं कां नाकारलें, हाच आपल्या विचाराचा विषय आहे.

२१ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळांत ऑटवा, फ्रीपोर्ट, जोन्सबरो, चार्लस्टन, गेल्सबर्ग, क्विन्सी व ऑल्टन अशा सात गांवीं दोघे समोरासमोर आले. प्रत्येक सभा तीन तासांची. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, आणि पुन्हां पहिल्यानें अर्ध्या तासांत समारोप करावा, असा नियम ठरला होता. बायकामुलांसह लोक गाड्या जोडून दुरून येत आणि उभ्या उभ्या ऐकत. डग्लस आगगाडीच्या खास डब्यांतून प्रवास करी व त्याच्या येण्याची वर्दी तोफेच्या आवाजानें दिली जाई. हा थाट आज वाचतांना करमणूक होते. परंतु ज्या प्रश्नाचा तेथें खल झाला तो करमणुकीचा नव्हता.

डग्लसची भूमिका थोडक्यांत अशी. गुलामगिरी बरी कीं वाईट याचा निवाडा करणें हें सीनेटरचें काम नाहीं. इलिनॉयनें ती नाकारली, हा इलिनॉयचा अधिकार. केंटकीनें ती ठेवली, हा केंटकीचा अधिकार. कॅन्ससनें काय करावें तें कॅन्ससनें ठरवावें. कौल खरा असला म्हणजे झालें. तो होकाराचा पडो कीं नकाराचा, मला त्याची फिकीर नाहीं, असें त्यानें डिसेंबर १८५७ मध्यें सीनेटमध्यें सांगूनच टाकलें होतें. या भूमिकेंत बळ आहे, हें मान्य केलें पाहिजे. जेथें निरनिराळ्या चालीरीतींचे लोक एकत्र नांदतात, तेथें एकानें दुसऱ्याच्या घरांत नीतीचा दिवा घेऊन शिरूं नये, यांत शहाणपण आहे. त्यानें भांडणें टळतात, आणि संसारांत आपणही पुष्कळदां याच वाटेनें जातों.

लिंकननें दक्षिणेकडील राज्यांतली गुलामगिरी एका फटक्यानें मोडावी असें म्हटलें नव्हतें. ती नव्या प्रदेशांत पसरूं देऊं नये, एवढीच त्याची मागणी होती. पण त्या मागणीच्या मुळाशीं काय होतें तें शेवटच्या सभांतून त्यानें उकलून दाखविलें. त्याच्या बोलण्याचा आशय असा: ज्याला एखाद्या गोष्टींत अन्याय दिसतच नाहीं, त्यानें 'कौल कसाही पडो' असें खुशाल म्हणावें, त्यांत विसंगति नाहीं. परंतु ज्याला ती गोष्ट अन्याय वाटते, त्याला अन्यायाच्या बाजूनें कौल पडला तरी चालेल, असें तर्काला धरून म्हणतांच येणार नाहीं. तेव्हां 'मला फिकीर नाहीं' या वाक्यांत मत नाहीं असें समजणें ही चूक आहे. त्यांत एक मत दडलेलें आहे, आणि तें असें कीं, येथें कोणावर अन्याय होत नाहीं.

एक घरगुती उदाहरण घेऊं. चार भाऊ एकत्र बसून विधवा भावजयीच्या पोटगीचा विचार करतात. प्रत्येकाला बोलूं दिलें जातें, कोणाचें मत दडपलें जात नाहीं, आणि तीन विरुद्ध एक असा निकाल लागतो कीं, तिला कांहीं देऊं नये. मोजणींत लबाडी झाली नाहीं, हें खरें. पण जिच्या ताटाचा प्रश्न होता ती दाराआड उभी होती. त्या बैठकींत तिला मत नव्हतें. अशा वेळीं थोरला भाऊ म्हणाला कीं, 'निकाल रीतसर झाला म्हणजे मला पुरे. तो काय झाला याच्याशीं मला कर्तव्य नाहीं,' तर त्याला आपण निःपक्षपाती म्हणूं काय? बैठकीची रीत सांभाळल्याचें श्रेय त्याला अवश्य देऊं. परंतु या बैठकींत बसण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला प्रश्न त्यानें विचारलाच नाहीं.

डग्लसच्या तत्त्वाची हीच गत होती. 'लोकांना ठरवूं द्या' या वाक्यांतील 'लोक' कोण? कॅन्ससमध्यें मत देणार होते ते गोरे पुरुष; ज्याच्या पाठीवर चाबूक बसावयाचा त्याची त्यांत गणनाच नव्हती. इलिनॉय हें गुलामगिरी नसलेलें राज्य. पण तेथेंही कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार नव्हता, आणि १८५३ च्या कायद्यानें त्यांना बाहेरून येऊन वस्ती करण्यासही मनाई होती. डग्लस हें लपवीत नसे. आपलें शासन गोऱ्यांनीं गोऱ्यांच्या हितासाठीं स्थापिलें आहे, असें तो सभांतून उघड सांगे. म्हणजे त्याची तटस्थता सुरू होण्यापूर्वींच मुख्य प्रश्नाचा निकाल त्यानें मनांत लावून टाकलेला होता.

आणखी एक गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. डग्लसच्या पहिल्या पत्नीला वडिलांकडून मिसिसिपी राज्यांत एक मळा व त्यावरील गुलाम मिळाले होते. तिच्या मृत्यूनंतर ती मालमत्ता मुलांकडे गेली, आणि देखरेखीबद्दल उत्पन्नाचा पांचवा हिस्सा डग्लसला मिळत असे. यावरून त्याला ढोंगी ठरविण्याची घाई करूं नये. सासऱ्यानें गुलामांचा मळा थेट त्यालाच देऊं केला होता, तेव्हां त्यानें तो नाकारला होता. परंतु तटस्थता कोणत्या जमिनींत सहज रुजते हें यावरून कळतें. झळ दुसऱ्याला लागत असली आणि ऊब आपल्याला मिळत असली, म्हणजे चांगल्या मनुष्याचें मनही आपोआप मध्यस्थाची जागा पसंत करतें.

मग लिंकन अगदीं निर्मळ होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. १८ सप्टेंबर रोजीं चार्लस्टनच्या सभेंत त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, दोन्ही वंशांची सामाजिक व राजकीय समता आपल्याला अभिप्रेत नाहीं. काळ्यांना मताधिकार द्यावा किंवा त्यांना ज्यूरींत बसवावें असें आपलें म्हणणें नाहीं. हे उद्गार आज वाचतांना वाईट वाटतें. त्यांत त्या काळाचा समज किती आणि समोरच्या श्रोत्यांची भीड किती, हें वेगळें काढणें कठीण आहे. पण मतें मागावयास निघालेल्या मनुष्याच्या मताची धार कशी झिजते, याचें हें उदाहरण होय. तथापि ऑटवा येथें त्यानें एक गोष्ट ठासून सांगितली होती: स्वतःच्या हातानें मिळविलेली भाकर खाण्याचा काळ्या मनुष्याचा अधिकार माझ्याइतकाच आणि न्यायमूर्ति डग्लस यांच्याइतकाच आहे. (डग्लस पूर्वीं न्यायाधीश होता, म्हणून त्याला तसें संबोधीत.) ही गोष्ट त्यानें कोठेंही मागें घेतली नाहीं.

दोघांतील फरक येथें आहे. एकाचें मत अपुरें होतें. दुसऱ्यानें मत न बाळगणें हेंच तत्त्व केलें. अपुरें मत वाढूं शकतें. लिंकनचें वाढलें. १ जानेवारी १८६३ रोजीं त्यानें मुक्ततेचा जाहीरनामा काढला, आणि ११ एप्रिल १८६५ च्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणांत, निदान विशेष बुद्धिमान व सैन्यांत लढलेल्या कृष्णवर्णीयांना तरी मताधिकार मिळावा, अशी इच्छा त्यानें बोलून दाखविली. चार्लस्टनहून तेथपर्यंत येण्यास त्याला साडेसहा वर्षें लागलीं. 'फिकीर नाहीं' या भूमिकेंत मात्र वाढण्यासारखें कांहीं बीजच नसतें.

२ नोव्हेंबर १८५८ रोजीं मतदान झालें. राज्यभरच्या मतांची बेरीज केली तर रिपब्लिकन पक्ष थोडा पुढें होता. परंतु मतदारसंघ जुन्या लोकसंख्येच्या मानानें आंखलेले होते, आणि कांहीं सभासदांची मुदत संपलेली नव्हती. ५ जानेवारी १८५९ रोजीं कायदेमंडळानें ५४ विरुद्ध ४६ मतांनीं डग्लसला पुन्हां निवडून दिलें. त्यावेळच्या कायद्याप्रमाणें ही निवड रीतसर होती आणि लिंकननें ती मान्य केली. मान्य करणें योग्यच होतें. सीनेटमध्यें कोणी बसावें हें त्या मोजणीनें ठरलें; गुलामगिरी न्याय्य कीं अन्याय्य, हें ठरविणें तिच्या हातांत नव्हतें. पुष्कळ लोक पुढील इतिहासाकडे बोट दाखवून म्हणतात कीं, दोनच वर्षांनीं लिंकन अध्यक्ष झाला, तेव्हां तोच खरा ठरला. हा युक्तिवादही टाकाऊ आहे. असें म्हणणारे मोजणीलाच पुन्हां शरण जातात. फक्त मोजणी बदलतात. १८६० सालीं लिंकन हरला असता तरी भाकरीविषयींचें त्याचें म्हणणें तितकेंच खरें राहिलें असतें.

डग्लसला आपल्या मध्यम मार्गाचें फळ लवकरच मिळालें. प्रदेशांत गुलामगिरीला मज्जाव करतां येत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें मार्च १८५७ मध्यें ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत दिला होता. मग लोकांनीं ठरवावयाचें तें काय उरलें, असें लिंकननें फ्रीपोर्ट येथें विचारलें. डग्लसनें उत्तर दिलें कीं, स्थानिक कायद्यांच्या आधाराशिवाय गुलामगिरी एक दिवसही टिकत नाहीं. तो आधार न देणें लोकांच्या हातीं आहे. या उत्तरानें इलिनॉयमध्यें निभावलें, पण दक्षिणेनें त्याला क्षमा केली नाहीं. १८६० सालीं त्याचा पक्ष फुटला, आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकींत त्याला अवघीं १२ निर्वाचक मतें मिळालीं.

परंतु त्याच वर्षींची त्याची एक कृति त्याच्या सर्व भाषणांहून बोलकी आहे. ऑक्टोबरमध्यें पेनसिल्व्हेनिया व इंडियाना येथील निकाल कानीं येतांच, आतां लिंकनच अध्यक्ष होणार हें त्यानें ओळखलें. स्वतःच्या यशाची आशा सोडून तो दक्षिणेकडे गेला आणि प्रतिकूल लोकांपुढें उभा राहून, संघराज्यांतून फुटूं नका, असें सांगत फिरला. एप्रिल १८६१ मध्यें युद्ध पेटलें, तेव्हां तो लिंकनच्या पाठीशीं राहिला. २५ एप्रिल रोजीं स्प्रिंगफील्ड येथें कायदेमंडळापुढें त्यानें संघराज्याच्या रक्षणासाठीं कळकळीचें भाषण केलें. आणि ३ जून रोजीं शिकागो येथें वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला.

या शेवटच्या महिन्यांतील डग्लस पाहिला म्हणजे आदर वाटतो, आणि एक प्रश्नही पडतो. दक्षिणेकडील राज्यांतील मतदारांच्या प्रतिनिधींनीं मतें घेऊनच फुटण्याचे ठराव केले होते. 'लोकांना ठरवूं द्या. निकाल कसाही लागो' हें त्याचें तत्त्व त्यानें येथें कां लावलें नाहीं? कारण संघराज्य त्याला प्राणाहून प्रिय होतें. कांहीं गोष्टी अशा असतात कीं, त्या बहुमतानें मोडल्या म्हणून त्यांचा नाश न्याय्य होत नाहीं, हें तोही जाणत होता. त्या गोष्टींच्या यादींत त्यानें संघराज्य घातलें. मनुष्य घालावयाचा राहून गेला.

या झगड्याचा पडसाद आपल्या भाषेंतही उमटला आहे. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं निःस्वार्थपणें झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण करून. आणि आपल्या देशबांधवांनीं येथील शूद्रांच्या मुक्ततेसाठीं तोच कित्ता पुढें ठेवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेंत त्यांनीं प्रकट केली. हजारों कोसांवर पुण्यांत बसलेल्या त्या पुरुषाला मतमोजणीच्या सफाईपेक्षां त्या सत्पुरुषांचें मत मोलाचें वाटलें. ज्याची गणना होत नाहीं त्याच्या बाजूनें कोणी बोलावयाचें, हा प्रश्न त्यांनीं आपल्याकडे जवळून पाहिलेला होता.

तेव्हां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रतिनिधीनें लोकांचा कौल मानावा, तो आपल्या विरुद्ध गेला तरी मानावा, खोट्या कौलाशीं मात्र झगडावें. इतकें डग्लसकडून शिकण्यासारखें आहे. परंतु कौल मागतांना त्यानें आपलें मत झांकूं नये. रस्ता कोठून न्यावा, कर किती बसवावा, अशा प्रश्नांत त्यानें लोकांचें ऐकून स्वतःचें मत मागें घेतलें तर त्यांत कमीपणा नाहीं. जेथें एखाद्या मनुष्याच्या भाकरीचा, देहाचा किंवा मानाचा प्रश्न आहे, आणि विशेषतः जेथें त्या मनुष्याला स्वतःला मत नाहीं, तेथें 'लोक ठरवतील' एवढें उत्तर पुरत नाहीं. त्यानें आपल्याला काय वाटतें तें सांगावें, आणि त्याबद्दल पडावें लागलें तर पडावें.

यांत मतदारांचाही वांटा आहे, आणि तो लहान नाहीं. गुळमुळीत बोलणारा उमेदवार आपल्याला आवडतो, कारण तो आपल्या मनाला त्रास देत नाहीं. ज्याला मत नाहीं त्याच्याशीं कोणाचाच मतभेद होत नाहीं, म्हणून त्याला आपण समंजस म्हणतों. इलिनॉयमध्यें डग्लसच्या बाजूनें मत देणारे शेतकरी दुष्ट नव्हते. त्यांना भांडण नको होतें, आणि त्या सीनेटरनें त्यांना भांडण न करण्याचें एक सन्मान्य कारण मिळवून दिलें होतें. आपल्या दारीं उमेदवार येईल तेव्हां रस्ते, पाणी, शाळा यांविषयीं आपण विचारूंच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: ज्यांचें मत तुम्हांला मिळणार नाहीं, किंवा ज्यांना मतच नाहीं, त्यांच्याविषयीं तुमचें मत काय? त्याचें उत्तर आपल्याला रुचेल असा भरंवसा नाहीं. पण तें ऐकून घेण्याची तयारी असल्याशिवाय त्यानें तें उघड सांगावें, ही अपेक्षा आपणही करूं नये.